टूसॉनची अंगणं: झाडांच्या आधी आळी बघा

टूसॉन हे अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना राज्यातलं, सोनोरा वाळवंटात वसलेलं शहर. पाऊस वर्षाला साधारण 280 मिलिमीटर, म्हणजे पुण्याच्या निम्म्याहूनही कमी. त्यातला बराचसा जुलै ते सप्टेंबरमध्ये कोसळतो आणि इथेही त्याला ‘मॉन्सून’च म्हणतात. इथल्या घरांभोवतीच्या बागा बघायच्या तर डनबार-स्प्रिंग या जुन्या वस्तीत पायी फिरावं. पावसाचं पाणी जिरवण्याचं काम करणाऱ्या वॉटरशेड मॅनेजमेंट ग्रुप या संस्थेची प्रात्यक्षिक बागही बघण्यासारखी आहे. निवडुंग छान असतात, पण शिकण्यासारखं सगळं जमिनीत आहे: पाणी कुठून येतं, कुठे थांबतं, जास्त झालं तर कुठून जातं. शक्यतो पावसाच्या दुसऱ्या दिवशी जा. पाणी कुठवर चढलं होतं ते आळ्याच्या, म्हणजे झाडांसाठी पाणी जिरवायला खणलेल्या खोलगट खड्ड्याच्या, काठाला चिकटलेल्या पाचोळ्याच्या रेषेवरून कळतं.

डनबार-स्प्रिंगमध्ये रस्त्याकडेच्या सिमेंटच्या काठाला खाचा पाडलेल्या दिसतील. याच वस्तीत राहणारे, पावसाचं पाणी अडवण्यावर लिहिणारे ब्रॅड लँकेस्टर यांनी हे काम इथे परवानगी नसतानाच सुरू केलं. 2007 मध्ये शहराने त्याला मान्यता दिली. रस्त्यावरून वाहणारं पाणी खाचेतून आळ्यात उतरतं. आळ्याचा तळ रस्त्यापेक्षा खाली असल्याने ते भरलं की उरलेलं पाणी रस्त्यानेच पुढे जातं, वेगळा सांडवा लागत नाही. बिघाड होतो तो तोंडाशी. तिथे गाळ साचला की पाणी आत शिरतच नाही. म्हणून तोंडाशी दगड बसवलेला छोटा खड्डा ठेवतात आणि पावसाळ्यापूर्वी तो फावड्याने उपसतात.

छपराच्या पाण्याचं गणित सोपं आहे. 1 चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर. 100 चौरस मीटर छपरावर 25 मिलिमीटर पडला तर 2,500 लिटर. 3 मीटर लांब-रुंद आणि 25 सेंटिमीटर खोल खड्ड्यात कागदावर 2,250 लिटर मावतात, पण उतरत्या कडा आणि आच्छादन बरीच जागा खातात. अशी दोन आळी हवीत. घराच्या पायापासून ती 3 मीटर लांब ठेवा. छपराच्या पाण्याच्या या आळ्यांना मात्र सांडवा लागतोच. तो काठापेक्षा खाली आणि दगडांनी बांधलेला हवा, नाहीतर पहिल्याच जोरदार सरीत बांध फुटतो. पातळी डोळ्यांनी ठरवू नका. गवंडी वापरतात तशी पाणी भरलेली पारदर्शक नळी घ्या.

खणण्याआधी 30 सेंटिमीटरचा खड्डा पाण्याने भरून जिरू द्या, पुन्हा भरा. दुसरं पाणी 24 तासांत जिरलं नाही तर खाली चुन्याचा कडक थर असण्याची शक्यता मोठी. जागा बदला किंवा थर फोडा. पाणी एका दिवसात जिरलं की डासांची भीती उरत नाही, कारण अंड्यापासून डास व्हायला आठवडाभर तरी लागतो.

झाड आळ्याच्या तळाशी लावू नये, खोड कुजतं. काठाच्या पायरीवर लावावं. मुळं पाण्याकडे आपसूक जातात. ठिबकची सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे पाच वर्षांच्या झाडालाही ड्रिपर खोडालगतच. झाड वाढेल तसे ते फांद्यांच्या घेराच्या कडेला सरकवले पाहिजेत. मोठ्या झाडाला ओल 90 सेंटिमीटर खोल जायला हवी. ते तपासायला लोखंडी सळई पुरते: ओल्या मातीत ती सहज शिरते, कोरडी लागली की अडते.

खडी पसरून खाली प्लास्टिक अंथरलेली अंगणं टाळा. पाणी मुरत नाही, उष्णता भिंतींवर फेकली जाते, आणि दोन-तीन वर्षांत वर साचलेल्या धुळीत तण उगवतंच. आपली हरळी इथेही हिरवळ म्हणून लावतात. ती काढताना कांडं राहिलं तर आळ्यात पुन्हा फुटते.

सावलीसाठी इथे सगळीकडे मेस्कीट आहे, या मातीतलं झाड. पण आपल्या माळांवर पसरलेली वेडी बाभूळ त्याचीच नातलग, तेव्हा बी गावी आणू नका. आळ्याच्या काठावर शमी लावा.