तुम्ही विचारलंत म्हणून: शेजारची शाळा सोडून बस कशाला?

पुण्याहून सासूबाई विचारतात, इथल्या मंडळातल्या मैत्रिणीही विचारतात: "अगं, टेकडीवर घराशेजारी एवढी चांगली शाळा असताना पोरीला रोज बसनं खाली कशाला पाठवतेस?" फोनवर नीट सांगता येत नाही, म्हणून लिहिते.

आम्ही कॅलिफोर्नियात, बर्कलीत राहतो. वर टेकडी, खाली खाडीपर्यंत सपाट वस्ती. दुसऱ्या महायुद्धात शेजारच्या रिचमंडला जहाजबांधणीच्या कामावर आलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांना ग्रोव्ह स्ट्रीट या रस्त्याच्या पूर्वेला, म्हणजे टेकडीच्या बाजूला, कुणी घर देत नसे. शाळा घराजवळची, म्हणून वरच्या शाळा गोऱ्या मुलांच्या आणि खालच्या बहुतेक काळ्या मुलांच्या. 1968च्या सप्टेंबरात गावानं हे मोडलं. कोर्टाचा हुकूम नव्हता, गावानं निवडून दिलेल्या शाळा मंडळानंच ठरवलं. मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की बस दोन्हीकडून सुटली. तिसरीपर्यंत खालची मुलं वर जायची, चौथी ते सहावी वरची मुलं खाली यायची. बाकी बऱ्याच गावांत हा प्रवास एकट्या काळ्या मुलांच्याच वाट्याला आला होता. (अमेरिकेच्या माजी उपाध्यक्षा कमला हॅरिस इथल्या या बसच्या दुसऱ्या तुकडीतल्या.)

लेकीच्या मैत्रिणीची आजी 1968 साली पहिलीत होती. ती मला बसथांब्यावर भेटते. पहिल्या दिवशी तिच्या आईनं कोटाला सेफ्टी पिननं बसचा नंबर लावून दिला होता. हे सांगताना तिचा हात आपोआप गळ्यापाशी गेला, पिन अजून तिथंच असल्यासारखा. वर्गात मैत्रिणी झाल्या, पण त्यांच्या वाढदिवसाला वर जायला संध्याकाळी बस नसायची. तिनं हे तक्रार म्हणून सांगितलं नाही, पण माझ्या मनातून ते जात नाही. गेल्या महिन्यात तिच्या नातीला मी स्वतः गाडीनं घरी आणलं आणि रात्री पोचवून आले.

आता पद्धत वेगळी आहे. 2007 साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं सिअ‍ॅटल आणि लुइव्हिल या शहरांच्या शाळेत जागा वाटायच्या योजना पाच विरुद्ध चार मतांनी रद्द केल्या: एकेका मुलाचा वर्ण बघून जागा ठरवायची नाही. बर्कलीनं 2004 पासूनच मूल सोडून वस्तीकडे बघायला सुरुवात केली होती. शहराचे चारशेहून जास्त छोटे तुकडे केले आहेत. तुकड्यातल्या घरांचं उत्पन्न, मोठ्यांचं शिक्षण आणि तिथल्या मुलांचे वर्ण, यांवरून त्या तुकड्याला एक गट मिळतो, आणि तिथल्या प्रत्येक मुलाला तोच. टेकडीपासून सपाटीपर्यंत तीन विभाग. आपण शाळांचा पसंतीक्रम द्यायचा आणि प्रत्येक शाळेत गटांचं प्रमाण विभागासारखं राहील असं बघून जागा वाटतात. त्यावरही खटला झाला, पण 2009 साली कॅलिफोर्नियाच्या अपील कोर्टानं योजना उचलून धरली.

एवढ्यानं सगळं साधलं असं मी म्हणणार नाही. घरांच्या किमती इतक्या चढल्या की 1970 साली शहरात वीस टक्क्यांहून जास्त असलेले कृष्णवर्णीय आज दहाहून कमी आहेत. त्या आजीचा मुलगाही बाहेर घर शोधतोय. ज्यांच्यासोबत शिकायचं, त्यांनाच गाव परवडेना, तर शाळेच्या पसंतीचा फॉर्म काय करणार? याचं उत्तर शाळेकडे नाही, आम्हा घरमालकांकडे मागायला हवं, आणि मी सभेत ते मागते.

धाकट्याचा फॉर्म या आठवड्यात भरायचा आहे. पहिल्या पसंतीला ताईचीच शाळा लिहिली आहे.