कालचा भाव

आमच्या पेपरच्या जिल्हा पानाच्या तळाशी, उजव्या कोपऱ्यात एक चौकट असायची. एका कॉलमाची, बोटभर उंचीची. मथळा 'केळी भाव'. खाली नवती, पिलबाग, वापसी असे तीन शब्द आणि प्रत्येकापुढे क्विंटलचा भाव. नव्या लागवडीची केळी ती नवती, कापलेल्या झाडाशेजारी राखलेल्या पिलाची ती पिलबाग आणि उरलासुरला माल ती वापसी. जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावल या केळीच्या पट्ट्यात लोक आपला पेपर का घेतात, असं विचारलं असतं तर आमच्या संपादकांनी अग्रलेखाचं नाव घेतलं असतं. वितरण विभागाला खरं माहीत होतं.

जळगावातून १८८७ मध्ये 'काव्यरत्नावली' नावाचं निव्वळ कवितांचं मासिक सुरू झालं होतं. त्याच गावातून आम्ही शंभरेक वर्षांनी केळीच्या भावावर पेपर खपवत होतो. मला त्यात कमीपणा वाटत नाही. तेव्हा मात्र वाटायचा. मी पंचविशीतला उपसंपादक होतो आणि ती चौकट म्हणजे माझ्या पानातली वाया गेलेली जागा, असंच माझं मत होतं.

१९९८ चा श्रावण. उपासाचे दिवस आले की केळीला मागणी चढते. रोज रात्री साडेनऊच्या सुमारास रावेरचे वार्ताहर बाजार समितीचा भाव फोनवर सांगायचे. मी तो पॅडवर उतरवायचो आणि ऑपरेटर चौकटीत भरायचा. पहाटे मळ्यात कापणी व्हायची, काट्यावर वजन व्हायचं आणि हिशेब व्हायचा तो त्या छापील आकड्यावर. व्यापारी पेपर खिशात घालूनच बांधावर यायचा.

त्या रात्रीही फोन वेळेवर आला. नवती ४५०. आदल्या दिवशी ४१० होती, म्हणजे एका दिवसात चाळीस रुपयांची तेजी. मी लिहून घेतलं आणि तेवढ्यात भुसावळहून फोन आला की तापीला पाणी वाढलंय, हतनूर धरणाचे दरवाजे उघडताहेत. झालं, लावलेलं पान मोडायचं. हतनूरला ४१ दरवाजे. त्यातले पूर्ण किती उघडले आणि अर्धे किती, यावर मी आणि भुसावळचे वार्ताहर वीस मिनिटं घोळ घालत बसलो. मग फॅक्स आला. तो मी घाईघाईत पॅडवर ठेवला. भावाचा कागद त्याच्याखाली गेला, तो गेलाच.

आमच्याकडे संगणकावर पान लावायचं पेजमेकर आणि मराठी अक्षरांचं श्रीलिपी येऊन दोन-तीन वर्षं झाली होती. ऑपरेटर रोज आदल्या दिवसाचं पान उघडायचा, 'सेव्ह अ‍ॅज' करून तारीख बदलायचा आणि जुन्या बातम्या काढून नव्या ओतायचा. म्हणजे ज्या चौकटीला कुणी हात लावला नाही, ती कालचीच राहायची. पानावर तारीख आजची, मथळा हतनूरचा, कोपऱ्यात भाव कालचा. मी पानावर सही केली. बटरपेपर निघाला, निगेटिव्ह झाली, प्लेट झाली, मशीन सुरू झालं. घरी जाताना मथळ्यावर मी खूश होतो.

पहाटे साडेपाचला घरमालकांनी दार वाजवलं. फोन त्यांच्याकडे होता. सावद्याचे विक्रेते बोलत होते. "भाऊ, आजचा पेपर विकू का भजी बांधायला देऊ?"

मी सातला ऑफिसात पोचलो. शिपाई पारोळ्याकडचा, नेहमी अहिराणीत बोलणारा. रिसीव्हर हातात तसाच धरून म्हणाला, "भाऊ, सकायपासून फोन वाजीच ऱ्हायना. आते काय करशी?" मी पॅड उचललं. फॅक्सखाली माझ्याच अक्षरात ४५० होतं.

दहाच्या सुमारास एक शेतकरी आले. त्यांना आप्पा म्हणू. यावल तालुक्यातले. पांढरा सदरा, आणि सदऱ्यावर केळीच्या चिकाचे काळपट डाग. हे डाग कशानेही जात नाहीत, त्या भागात माणूस ओळखायला ते पुरतात. पोटऱ्यांपर्यंत चिखल. ते ओरडत आले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी टेबलावर पेपर पसरला, शेवटचं पान वर केलं आणि तळाच्या बारीक ओळीवर बोट ठेवलं. मुद्रक, प्रकाशक, संपादक यांची नावं प्रत्येक अंकावर छापावीच लागायची, तेव्हाचा कायदा १८६७ चा. ती ओळ आम्हीसुद्धा वाचत नव्हतो. आप्पांनी संपादकांच्या नावाखाली पेनने रेघ मारली होती.

"हे भाऊ कुठं बसता?"

मी त्यांना आत नेलं. त्यांनी काट्याची पावती काढली. चौसष्ट क्विंटल.

"तुमच्या पेपरात ४१०. बाजार समितीत विचारलं तर ४५० म्हणे. मधले चाळीस कोणाकडे हायेत, तेवढं सांगा."

चौसष्ट गुणिले चाळीस, दोन हजार पाचशे साठ. तेव्हा माझा पगार त्याच्या थोडाच वर होता.

संपादकांनी माझ्याकडे पाहिलं, पण काही बोलले नाहीत. आप्पांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि म्हणाले, "चूक आमची आहे. उद्याच्या अंकात त्याच जागी दुरुस्ती छापतो."

"उद्या माझी केळी दिल्लीच्या वाटंवर असंल," आप्पा म्हणाले. "व्यापारी संध्याकाळी हिशेब करतो. मला आजचा कागद पाहिजे."

दारात अण्णा उभे होते. अण्णा आमचे मुद्रितशोधक, पण मूळचे कंपोझिटर. खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवण्यात उमेदीची वर्षं गेली, संगणक आल्यावर प्रुफांवर बसवलेले. ते मला म्हणाले, "आमच्या वेळेस हे झालंच नसतं." मला राग आला. वयस्कर माणसं असं म्हणतातच. पण त्यांनी कारण सांगितलं ते खोटं नव्हतं. आमच्या छापखान्यात मराठी आकड्यांचे खिळे कायम कमी पडायचे. म्हणून पान छापून झालं की रात्रीच भावाच्या, तारखांच्या ओळी मोडून आकडे केसमध्ये, म्हणजे खिळ्यांच्या खणांत, परत टाकायचे, नाहीतर दुसऱ्या दिवशी कुठल्यातरी बातमीला ४ मिळायचा नाही. चौकट रोज रिकामी व्हायची. अक्षरं चुकायची, खिळा उलटा लागायचा, सगळं व्हायचं, पण कालचा आकडा आज छापायला तो जागेवर शिल्लकच नसायचा.

"कागद मी लिहितो," अण्णा म्हणाले.

कॉम्प्युटरवर काढू, असं मी सुचवलं. वीज गेलेली होती.

अण्णा अमळनेरचे. साने गुरुजी प्रताप हायस्कूलच्या मुलांसाठी 'छात्रालय' नावाचं दैनिक रोज हाताने लिहून काढत, हे ते आम्हाला वर्षातून चारदा ऐकवायचे आणि आम्ही चारदा माना डोलवायचो. त्या सकाळी त्यांनी लेटरहेड घेतलं, जाड निबेचं पेन काढलं आणि वर मधोमध 'शुद्धिपत्र' असं लिहिलं. शिरोरेघ पट्टीने मारल्यासारखी सरळ. खाली तीन ओळी, तीन आकडे. आकडे अक्षरांच्या दुप्पट मोठे. संपादकांनी सही केली, शिक्का मारला. बाजारात जनरेटरवर चालणारं झेरॉक्सचं दुकान शोधून मी पंधरा प्रती काढल्या. पहिली आप्पांना दिली. ती त्यांनी घडी न घालता, काट्याच्या पावतीसोबत पेपरात ठेवली.

बाकीच्या प्रती पाकिटांत घालून मी बसस्थानक गाठलं. एके काळी गावोगावचे वार्ताहर एसटीच्या कंडक्टरकडे बातम्यांची पाकिटं द्यायचे आणि ती जळगावला आम्ही उतरवून घ्यायचो. फॅक्स आल्यापासून ते बंद पडत चाललं होतं. आता मी उलट्या दिशेने पाकिटं चढवत होतो. रावेर गाडीचा कंडक्टर ओळखीचा निघाला. "आज पेपर दोनदा काढला का?" म्हणाला आणि पाकिटं तिकिटांच्या पेटीखाली सरकवली. तोवर वितरणवाल्यांनी विक्रेत्यांना फोन लावले होते. ज्यांच्या दुकानाबाहेर फळा होता, त्यांनी पाकिटाची वाट न बघता खडूने भाव लिहिला. सावद्याच्या विक्रेत्यांनी तर पेपराचं नाव, खाली माझं नाव आणि मग भाव लिहिला, असं नंतर कळलं. माझं नाव तिकडे फळ्यावर लागण्याची ती पहिली वेळ.

संध्याकाळपर्यंत निरोप येत राहिले. काही व्यापाऱ्यांनी पावतीवरचा आकडा खोडून नवा घातला. काहींनी 'छापलं ते छापलं' म्हणत हात वर केले. दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापली, त्याच कोपऱ्यात, तेवढ्याच टाइपात. आणि मी ऑपरेटरला सांगितलं की पान उघडल्यावर तारखेच्याही आधी ती चौकट कोरी करायची. एकदा लाइन बंद असल्यामुळे भाव आलाच नाही, चौकट तशीच कोरी गेली आणि पुन्हा पहाटे फोन वाजला. तो मी आनंदाने घेतला.

दीडेक महिन्याने आप्पा परत आले. टोपी हातात होती. आई गेली होती. उत्तरकार्य आणि गंधमुक्तीची जाहिरात द्यायची होती. जाहिरात विभाग खालच्या मजल्यावर होता, पण ते जिना चढून माझ्याकडे आले. मी मजकूर लिहून घेतला, सगेसोयऱ्यांची नावं क्रमाने घातली. मग राहवलं नाही म्हणून विचारलं, "आप्पा, त्या चाळीसचं काय झालं?"

"वीस दिले त्यानं."

"आणि राहिलेले वीस?"

आप्पांनी कागद माझ्याकडे सरकवला. "तारीख वाचा," म्हणाले. "मोठ्यानं."