गळाची वही : रीळ गप्प का बसलं?

गेल्या रविवारी नवी मुंबईतली सारसोळे जेट्टी. चतुर्थी, म्हणजे तिथीची पाऊणपट केली की तीनच्या सुमाराला भरती. खाडीत आत थोडं उशिराच भरतं, म्हणून अडीचला पोचलो. साडेतीनला कोळंबीवर दणका बसला. रॉड कमानीसारखा वाकला, पण रीळ गप्प. ना आवाज, ना दोरी सुटतेय. लीडर, म्हणजे गळाजवळचा दोरीचा तुकडा, तटकन तुटला. जिताडाच होता, असं मी सगळ्यांना सांगतोय. शेजारी हातगळ टाकून बसलेले काका म्हणाले, "आमचा ड्रॅग बोटात असतो. तो जाम होत नाही." (ड्रॅग म्हणजे मासा जोरात ओढायला लागला की दोरी थोडी थोडी सुटू देणारा रिळाचा ब्रेक.)

घरी येऊन दोरी हाताने ओढून बघितली. आधी अडकते, मग हिसक्याने सुटते. चूक माझीच. महिनाभर रीळ ड्रॅग आवळून कपाटात ठेवलं होतं, त्यामुळे ड्रॅगमधल्या फेल्टच्या चकत्या दबून चिकटल्या होत्या. ड्रॅगची पुढची चावी काढली, स्पूल (दोरी गुंडाळली जाते तो भाग) उतरवला, तारेची क्लिप काढली. चकत्या बाहेर काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या, एक लोखंडी एक फेल्टची असा क्रम चुकला की परत सगळं खोलावं लागतं (मी दोनदा खोललं). पुसून ड्रॅगचंच ग्रीस पातळ लावलं. शिलाई मशीनचं तेल नको, चकत्या घसरतात.

आता ड्रॅग अंदाजाने नाही लावत. रद्दीवाल्याकडे असतो तसा स्प्रिंगचा काटा घेतलाय. ब्रेड (रिळावरची विणलेली दोरी) 20 पौंडी, म्हणजे तेवढा ताण सोसणारी असली तरी हिशोब कच्च्या दुव्याचा, आणि तो माझा 16 पौंडी लीडर, म्हणजे सव्वासात किलो. त्याचा पाव भाग, पावणेदोन-दोन किलोला दोरी सुटली पाहिजे. दोरी रॉडच्या सगळ्या कड्यांतून ओवून, रॉड वाकवून मोजा. नुसत्या रिळावर मोजलं तर कड्यांचं घर्षण धरलं जात नाही.

धुताना उलटं करायचं. आधी ड्रॅग आवळा, म्हणजे पाणी चकत्यांत शिरत नाही. हलकं गोडं पाणी, नळाची धार नको. पुसलं की ड्रॅग पूर्ण सैल, आणि सैलच ठेवा.

स्पूलच्या कडेला जी चिमुकली क्लिप असते ती दोरीचं टोक अडकवायला. दोन वर्षं मी तिथे रबरबँड लावत होतो! मुठीच्या वरची बारीक कडी गळ अडकवायला असते. मी गळ अडकवायचो दोरीच्या कडीत, तिच्या आतल्या रिंगला तडा गेलाय. कान साफ करायची कापसाची काडी आतून फिरवली की तंतू अडकतो, तिथेच ब्रेड कापली जाते. ती कडी बदलायची बाकी आहे.

येत्या रविवारी एकादशी. भरती सव्वाआठच्या पुढे, पाणी भांगातून (अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरती-ओहोटीतून) नुकतंच निघालेलं, ओढ कमीच. घरात उपास. जिताडा मिळालाच तर शिजवायचा कुठे, ते अजून ठरलेलं नाही.