चौपट झालेलं घर

बँकेसाठी घराचं मूल्यांकन करताना शाखेला बहुधा शेवटचा आकडाच हवा असतो. आमच्यातले काहीजण तर घर बघण्याआधीच "किती बसवायचे?" असं विचारतात. मला त्याची चीड आहे. मागच्या उन्हाळ्यात आलेले काका मात्र बँकेने पाठवलेले नव्हते, स्वतःच्या खिशातून फी देऊन आले होते.

एसटीतून निवृत्त झालेले चालक. कारंजा लाडच्या बाजूला, समृद्धी महामार्गाच्या इंटरचेंजपासून चारेक किलोमीटरवर ले-आऊटमधलं एक घर त्यांनी हेरलं होतं. मागणी 24 लाख.

"2018 ले सहा लाखाचं होतं सायेब, कागद पायले म्या. सात वर्सांत चौपट! दाहा वर्सानं किती व्हईन, तेवढंच सांगा."

मी सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदणी कार्यालयातला त्या व्यवहाराचा उतारा, काढली. मोबदला सहा लाख आणि सरकारी बाजारमूल्यही जवळपास तेवढंच. हे दोन आकडे असे चिकटून असले की वरची रक्कम रोखीत गेली असावी, असं मी धरतो आणि शेजारीपाजारी विचारायला निघतो. पानठेल्यावर दोघांना वेगवेगळं विचारलं तरी तेव्हाचा भाव नऊ लाखांवरच आला. शिवाय दस्तात लिहिलं होतं खुला भूखंड. घर नंतर बांधलेलं. मिस्त्री गावातलाच निघाला, त्याच्या हिशेबाने बांधकामाला दहा लाख लागले होते. म्हणजे मालकाचे गेले 19 लाख आणि मागतो 24. सगळे मिळाले तरी वर्षाला साडेतीन टक्केही पडत नाहीत. वाढलेले दिसत होते त्या 18 लाखांतले दहा सिमेंट-विटांचे आणि तीन लपवलेल्या रोखीचे.

दलालाने रेडी रेकनरची वाढही दाखवली होती. पण ते दर 2022 नंतर दोन वर्षं जागचे हलले नव्हते, 2025 च्या एप्रिलमध्ये वाढले. मुद्रांक शुल्कासाठी ठरवलेल्या दरावरून घर उद्या कितीला विकेल ते कळत नाही.

संध्याकाळी मी ले-आऊट पायी फिरलो. हे मी नेहमी करतो. 62 प्लॉट, उभी घरं नऊ, दिवे लागले पाचांत. पलीकडे सोयाबीन-तुरीची वावरं, आणि त्यातल्या दोनांत नव्या ले-आऊटचे दगड रोवलेले. महामार्ग 2022 च्या डिसेंबरात नागपूर ते शिर्डी सुरू झाला, पण भाव त्याच्या बातम्यांवरच चढून बसले होते. आणि शेजारचं वावर कधीही प्लॉट होऊ शकत असेल, तर जुना प्लॉट महाग कोण घेणार?

काकांना कागदावर मांडून दाखवलं. भाडं महिना साडेचार हजार, म्हणजे वर्षाचे 54 हजार. तेच 24 लाख पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक योजनेत 8.2 टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला 1,96,800. घर घ्यायचंच असेल तर 18 लाखांच्या वर जाऊ नका, म्हटलं.

"म्हंजे मले कोनी फसवत होतं का?"

"नाही काका, मालकालाही तसंच वाटतं."

त्यांनी कागदाची घडी केली, खिशात ठेवली आणि गेले.

दिवाळीनंतर ते घर 22 लाखांना गेलं. घेणारा पुण्यात नोकरीला असलेला गावचाच मुलगा, मोठं कर्ज काढून, त्यामुळे कागदावरही 22 च. काकांचा फोन आला. "सायेब, तुमी अठरा म्हनले होते." आवाजात राग नव्हता, त्याचंच जास्त लागलं. मी म्हटलं, एकाने घेतलं म्हणजे बाजार झाला नाही, तो विकायला निघेल तेव्हा बघू. ते "बरं" म्हणाले.

गेल्या आठवड्यात त्याच ले-आऊटमधलं दुसरं घर बँकेकडून आलं. तुलनेसाठी अलीकडचे व्यवहार जोडावे लागतात. वर्षभरातला एकच सापडला. तो 22 लाखांचा. तक्त्याच्या पहिल्या ओळीत मी तो लिहिला, आणि शेऱ्यात लिहिलं: 62 पैकी नऊ घरं, पाचांत वस्ती. शाखेतून फोन आला, शेरा काढता येईल का म्हणून. काढला नाही.