निळी गोळी आणि चहा-चपाती

आज वस्तीतल्या अंगणवाडीत पोषण महिन्याचा कार्यक्रम होता. रांगोळी, तक्ते, भाषणं यथासांग पार पडली. खरी मजा आली पाककृतींच्या वेळी. सेविकाताईंनी अंगणवाडीतून मिळणाऱ्या घरपोच आहाराच्या पाकिटातलं पीठ घेऊन, शेवग्याचा पाला घालून थालीपिठं लावली. "हे पीठ आम्ही शेळीला घालतो," एक मावशी सरळ बोलून गेल्या. हशा पिकला. थालीपीठ मात्र मावशींनी परत मागून घेतलं!

किशोरी मुलींशी बोलणं जड गेलं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आहे. आणि शाळेत दर आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी यांच्या दप्तरात पडून. का, तर मळमळतं. म्हटलं, उपाशीपोटी घेऊ नका, जेवणावर घ्या. भाजीवर लिंबू पिळा. जेवताना चहा नको, त्याने लोह अंगी लागत नाही.

मागून एकजण म्हणाली, "ताई, आमचं रात्रीचं जेवणच चहा-चपाती असतं."

तक्त्यात याचं उत्तर नव्हतं. पाच रुपयांच्या कुरकुऱ्यांऐवजी गूळ-फुटाणे सुचवले, पण ते रात्रीच्या जेवणाला पुरायचे नाहीत, हे तिलाही कळत होतं. सेविकाताईंनी तिच्या आईची कामावरून यायची वेळ विचारून घेतली. आता संध्याकाळी घरीच जाऊ.