कर्नल बदलला आणि वायफाय गेलं
काल लिनक्स अपडेट केलं, त्यात नवा कर्नल (लिनक्सचा गाभा) आला. लॅपटॉप पुन्हा सुरू केला, तर वायफाय गायब. पोटात गोळाच आला. जोडलेली कार्डं आणि त्यांचे ड्रायव्हर दाखवणारी 'एलएसपीसीआय -के' (lspci -k) ही कमांड चालवली. वायफाय कार्ड दिसत होतं, पण कोणता ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्राम) वापरात आहे ही त्याखालची ओळच नव्हती.

बहुतेक ड्रायव्हर कर्नलसोबतच येतात आणि त्याच्यासोबतच अपडेट होतात. माझ्या कार्डाचा मात्र बाहेरून घातलेला. तो प्रत्येक नव्या कर्नलसाठी पुन्हा कंपाइल व्हावा लागतो, म्हणजे सोर्स कोडपासून नव्याने तयार व्हावा लागतो. डीकेएमएस हे साधन ते आपोआप करतं, पण त्याला त्याच कर्नलचे हेडर (कंपाइल करायला लागणाऱ्या फायली) लागतात, आणि तेच नव्हते.

लॅपटॉप सुरू होतानाच्या ग्रब या मेनूमधून जुना कर्नल निवडला, नेट आलं. (म्हणून कळकळीने सांगतो, जुना कर्नल लगेच काढून टाकू नका.) नव्या कर्नलचे हेडर घातले, ड्रायव्हरचं मॉड्यूल तयार झालं. रीस्टार्टनंतर ती ओळ दिसली, तेव्हा जिवात जीव आला.