तुम्ही विचारलंत म्हणून: देव जवळच आहे, मग विरह कसला?

मी गुरुवारी नागपुरात ताजबागला, ताजुद्दीनबाबांच्या दर्ग्यात जाते आणि कव्वाली संपेपर्यंत उठत नाही, हे कळलं की एक प्रश्न हमखास येतो. कुराणात म्हटलंय, देव माणसाच्या गळ्याच्या शिरेपेक्षाही जवळ आहे. आपले संतही त्याला देहातच पाहतात. मग हे सूफी कवी ताटातुटीचं दुःख का गातात? परवा भाचीनेही हेच विचारलं, म्हणून जरा नीट लिहिते.

तेराव्या शतकातला फारसी सूफी कवी रूमी, त्याचं 'मसनवी' हे मोठं काव्य सुरू होतं तेच पाव्याच्या गाऱ्हाण्याने. बोरूच्या बनातून मला कापलं, तेव्हापासून माझ्या सुरात बाया-पुरुष सगळे रडतात, असं तो पावा सांगतो. पण मला उत्तर सापडलं ते पुढे, तिसऱ्या भागातल्या एका गोष्टीत.

एक माणूस रात्री 'अल्ला, अल्ला' करत बसायचा. सैतान त्याला म्हणाला, एवढ्या हाका मारतोस, तिकडून एकदा तरी 'ओ' आली का? बिचाऱ्याचं मन मोडलं. नामस्मरण सोडून तो झोपून गेला. स्वप्नात खिज्र, म्हणजे भक्तांना वाट दाखवणारे सत्पुरुष, आले, का थांबलास म्हणाले. हा म्हणाला, उत्तरच येत नाही, दारातून हाकललं तर नसेल ना? तेव्हा खिज्रने देवाचा निरोप सांगितला: तुझं 'अल्ला' म्हणणं हीच आमची ओ, आणि तुझी ही तळमळ आम्हीच धाडलेला जासूद.

जासूद! म्हणजे निरोप घेऊन येणारा. मला एकदम तुकोबा आठवले. 'दिवाळीच्या मुळा लेकी आसावली'. मूळ म्हणजे माहेरून लेकीला न्यायला येणारं माणूस. (आता लेकी आपल्या आपण गाडीने जातात, शब्दही मागे पडला.)

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत मी नागपूरच्या महाल भागातल्या भाड्याच्या घराच्या दारात अशीच बसले होते. मांडीवर तांदळाचं ताट. निवडलेलेच तांदूळ तिसऱ्यांदा निवडत होते. घरमालकीणबाई म्हणाल्या, "किती वाट पाहून राहिली वो! येतीन ना बाबा." त्या स्वतः कधी कुणासाठी दारात थांबलेल्या दिसल्या नाहीत. त्यांच्या माहेरी कुणी उरलंच नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं. मला वाट पाहता येत होती, कारण तिकडे माझं कुणी होतं.

देव दूर गेलेला नसतो, हे मीही मानते. आपणच भाजी, बिलं, रुसवेफुगवे यांत इतके बुडतो की त्याचं असणं विसरतो. मधेच ते आठवतं आणि पोटात तुटतं. रूमी म्हणतो ती तळमळ हीच, आणि ती आपण होऊन येत नाही, तिकडूनच कुणीतरी धाडलेली असते. म्हणून तर सूफी मृत्यूला मीलन मानतात. सूफी संताच्या पुण्यतिथीच्या उत्सवाला 'उर्स' म्हणतात, आणि त्या शब्दाचा अर्थच लग्न. १७ डिसेंबर १२७३ला रूमी गेला, त्या रात्रीला तुर्कस्तानातल्या कोन्या शहरात लग्नाची रात्र म्हणतात. आपल्या ताजुद्दीनबाबांचं देहावसान १९२५चं, त्यांचाही उर्सच भरतो.

त्या दिवाळीत माझे बाबा संध्याकाळच्या एसटीने आले. मी त्यांना पाय धुवायला पाणी दिलं. दिवसभर डोळ्यांत टिपूस नव्हतं. ते समोर उभे होते, तांब्या त्यांच्या हातात होता, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन खूप रडले.